काकींचं यकृत

२०२१ च्या जूनमध्ये राज्यात बाकीकडे दुसरी लाट ओसरत होती, पण कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे आकडे काही केल्या खाली येत नव्हते. मी तेव्हा कोल्हापूर शहरातल्या एका खासगी रुग्णालयात फिजिशियन होते. तळमजल्यावर साधे रुग्ण, वरचे दोन मजले कोविडचे आणि मधल्या जिन्यावर प्लायवूडचं दार ठोकलेलं. आलेला रुग्ण दाराच्या अलीकडे राहणार की पलीकडे जाणार, हे खाली कॅज्युअल्टीत ठरायचं. ताप, खोकला, दम या तीन प्रश्नांवर बहुतेकांचा निकाल लागायचा.

काकींना यांपैकी काहीच नव्हतं. पन्हाळ्याच्या बाजूच्या एका गावातून त्यांना जीपच्या मागच्या सीटवर आडवं घालून आणलं होतं. वय पन्नाशीच्या आत-बाहेर. गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘गॅस्ट्रो, दोन सलाइन दिले, फरक नाही’ एवढंच लिहिलेलं. तीन दिवस जुलाब, आदल्या दिवसापासून उलट्या. जीभ कोरडीठाक. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर जायला वेळ लागत होता. नाडी ११२, वरचा रक्तदाब ९४. ऑक्सिमीटर मात्र ९६ दाखवत होतं आणि स्टेथोस्कोपनं छातीत काही विशेष ऐकू येत नव्हतं.

“मी काय कुठं गेलो न्हाई ओ मॅडम,” काकी डोळे मिटूनच सांगत होत्या. “घर न् रान, रान न् घर. परवादिशी फणसाचं चार गरं खाल्लं, तेवढंच.”

“फणसच बाधलाय तिला,” काका म्हणाले. गळ्यात तुळशीची माळ, डोक्यावर टोपी, मास्क हनुवटीवर. “आनि नळाला पानी बी गढूळ याय लागलंय.”

दोन्ही कारणं पटण्याजोगी होती. मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात गॅस्ट्रोचे रुग्ण सुरू होतात, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. आरएमओनं, म्हणजे निवासी डॉक्टरनं, खालच्या जनरल वॉर्डात बेडही सांगून ठेवला होता.

मी थांबवलं. फणस घरातल्या सहा जणांनी खाल्ला होता आणि पोट एकटीचंच बिघडलं होतं. शिवाय काकींच्या तोंडून एक वाक्य आपसूक निघालं होतं, “आठ दिस झालं, जेवान गोड लागंना. भाकरीचा वास बी नको वाटालाय.” जुलाब तीन दिवसांचे आणि अन्नावरची वासना आठ दिवसांपूर्वीच उडालेली. दूषित पाण्याच्या किंवा अन्नाच्या बाधेत सहसा असं होत नाही. तिथं आधी पोट बिघडतं, मग जेवण नकोसं होतं. आणखी खोदून विचारल्यावर कळलं, की आठवड्यापूर्वी सुनेला आणि धाकट्या मुलाला अंग मोडून दोन दिवस ताप येऊन गेला होता. तपासणी कुणीच केली नव्हती, कारण दोन दिवसांत उतरला होता.

बेड देण्याआधी नाकातला स्वॅब घेतला. अँटिजेनच्या पट्टीवर दुसरी रेघ ठळक उमटली.

“खोकला न्हाई, शिक न्हाई, साधी सर्दी न्हाई,” काका दारातच अडून बसले. “जुलाबाला कोरोना म्हनाय लागला तुमी?” आवाजात राग कमी आणि भीती जास्त होती. जिन्यावरच्या त्या दारापलीकडे गेलेल्या माणसाबद्दल गावोगावी काय बोललं जायचं, ते मलाही ठाऊक होतं.

मी त्यांना बाजूला बाकावर बसवलं. म्हटलं, “काका, हा रोग तोंडा-नाकातून आत जातो. कुणाच्या छातीत बसतो, कुणाच्या पोटात. काकींच्या पोटात आधी बसलाय. छातीत उतरतोय का ते आता बघायचंय, म्हणून वर न्यायचंय.” तेवढ्यावर ते उठले. त्या घडीला त्यांना याहून जास्त सांगून उपयोग नव्हता. इथं मात्र सविस्तर लिहिते.

हा विषाणू पेशीत शिरतो तो तिच्यावरच्या एसीई-२ या प्रथिनाला धरून. हे प्रथिन फुप्फुसात असतं तसं आतड्यातही असतं. लहान आतड्याच्या अस्तरावर तर भरपूर, कारण पचलेल्या अन्नातली अमिनो आम्लं शोषून घेण्याच्या कामात त्याचा रोजचा हात असतो. विषाणू तिथं पोचला की अस्तराचं काम बिघडतं, पाणी आणि क्षार नीट शोषले जात नाहीत आणि जुलाब लागतात. भूक मरणं, मळमळ, उलट्या, पोटात कळा येणं हेही त्यातच आलं. काही रुग्णांत ही लक्षणं खोकल्याच्या आधी येतात, तर थोड्या जणांत खोकला येतच नाही. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत नोंदला गेलेला पहिला रुग्ण वॉशिंग्टन राज्यातला ३५ वर्षांचा तरुण होता. त्यालाही मळमळ आणि उलट्या होत्या, पुढं जुलाब झाले आणि त्याच्या शौचाच्या नमुन्यात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, सापडलं. म्हणजे पोटाची ही बाजू अगदी सुरुवातीपासून कागदावर होती. माणसं श्वास कोंडून जात होती, तेव्हा सगळ्यांचं लक्ष फुप्फुसांवर एकवटलं यात नवल नाही. पण खेड्यापाड्यांत त्याची किंमत मोजावी लागली. जुलाबाचा रुग्ण चार दिवस घरी किंवा दवाखान्याच्या बाकावर सलाइन घेत राहायचा आणि तोवर छाती भरलेली असायची.

काकींना सलाइन दिलं, रक्तदाब सावरला, संध्याकाळी त्यांना उठवून व्हरांड्यात चालवलं. एका बाजूनं सिस्टर, दुसऱ्या बाजूनं मी, काकींच्या बोटाला ऑक्सिमीटर. निघताना ९६. खिडकीपाशी ९४. वळून परत कॉटशी येईपर्यंत ९१. काकींना दम लागल्याचं कळतही नव्हतं. त्या मला “बास झालं की ओ, पाय थरथरालंत” एवढंच सांगत होत्या. छातीच्या स्कॅनमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाला धुरकट डाग निघाले, फुप्फुसं किती व्यापली ते सांगणारा स्कोअर २५ पैकी ९.

रात्री रक्ताचे रिपोर्ट आले. यकृताची इजा सांगणारे एसजीओटी १४६, एसजीपीटी ११८; कावीळ सांगणारं बिलिरुबिन ०.८, म्हणजे ठीक. काकींचा थोरला मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम गावातून करत होता. रिपोर्ट मोबाइलवर पडला की माझ्याआधी तो वाचायचा.

“मॅडम, लिव्हर तिप्पट वाढलंय असं दिसतंय. आमच्या घरात माळ आहे ओ. आईनं तर लांबच, आमच्या सात पिढ्यांत कुणी दारूला शिवलेलं नाही.”

एसजीपीटी वाढला की आपल्याकडे पहिली शंका दारूवर जाते आणि न पिणाऱ्या घराला तो आरोप वाटतो. त्याला म्हटलं, हे आकडे म्हणजे लिव्हर आकारानं वाढणं नव्हे. यकृताच्या पेशींच्या आत ही विकरं (एन्झाइम्स) असतात. पेशींना इजा झाली की ती रक्तात उतरतात. रुग्णालयात दाखल होणाऱ्या कोविड रुग्णांत ती थोडीफार वाढलेली दिसणं नित्याचं आहे. वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण १५ पासून ५० टक्क्यांपर्यंत आलं आहे. बहुतेकांत वाढ दुप्पट-तिप्पट एवढीच असते, बिलिरुबिन सहसा वाढत नाही आणि आजार उतरला की आकडेही आपोआप उतरतात. आजार गंभीर असेल तर आकडे जास्त चढतात, म्हणून आम्ही त्यांच्याकडे डोळे लावून बसायचो.

ही इजा नेमकी कशानं होते, याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही. विषाणू स्वतः यकृतात पोचू शकतो. एसीई-२ हे प्रथिन तिथं पित्तनलिकांच्या पेशींवर जास्त आणि यकृताच्या मुख्य पेशींवर कमी असतं. शरीरभर उठलेल्या दाहाची झळ यकृताला बसते. ऑक्सिजन कमी पडला की पेशी गुदमरतात. रुग्णाला आधीपासून मधुमेह, स्थूलपणा, चरबीचं यकृत असेल तर धक्का जास्त बसतो. आणि या सगळ्यांवर आम्ही दिलेली औषधं. यांतलं एकच कारण पकडून बसणं मला तेव्हाही पटत नव्हतं, आजही पटत नाही.

म्हणून मुलाला सांगितलं, गेल्या दहा दिवसांत आईच्या पोटात गेलेली प्रत्येक गोळी आणून दाखव. तो दुसऱ्या दिवशी पिशवीच घेऊन आला. टेबलावर पाकिटं मांडली. थायरॉइडची रोजची गोळी होती. तापाची ६५० ची गोळी होती, आणि सर्दीची म्हणून दिलेल्या दुसऱ्या गोळीतही पॅरासिटामॉलच होतं, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अझिथ्रोमायसिन, डॉक्सीसायक्लिन, आयव्हरमेक्टिन, झिंक. जूनच्या पहिल्याच आठवड्यात केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाच्या सुधारित सूचना आल्या होत्या आणि सौम्य आजारासाठी त्यांतली बरीचशी औषधं वगळली होती, पण गावोगावच्या पुड्यांत ती तोवर रुळली होती. यांतली काही औषधं जुलाब वाढवतात, काही यकृतावर ताण आणतात. थायरॉइडची गोळी ठेवली, ताप आला तरच मोजून पॅरासिटामॉल ठेवलं, बाकी सगळं बंद केलं.

“आणि रेमडेसिविर?” तो म्हणाला. एप्रिल-मेमध्ये त्या इंजेक्शनासाठी लोकांनी जिवाचं रान केलं होतं. मिळालं तर माणूस वाचेल, नाही तर गेला, अशी समजूत पक्की झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच त्याच्या सरसकट वापराविरुद्ध मत दिलं होतं. आपल्या राष्ट्रीय सूचनांत ते मोजक्या रुग्णांसाठी होतं, आणि एसजीओटी-एसजीपीटी नेहमीच्या पाचपटीच्या वर असेल तर देऊ नका असंही त्यांत होतं, कारण ते स्वतःच यकृताची विकरं वाढवू शकतं. काकींचा आजार आठ-दहा दिवसांचा जुना, ऑक्सिजन थोडासा लागणारा. मी दिलं नाही. डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, नाकाला नळीनं दोन लिटर ऑक्सिजन आणि पालथं झोपवणं, एवढ्यावर ठेवलं. पोटासाठी ओआरएस, भाताची पेज, मग ताक-भात. जुलाब अडवणारी गोळी दिली नाही.

इथं आमच्या सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशींबद्दल लिहायलाच हवं. न्यूमोनियाच्या रुग्णाची शुश्रूषा लोकांनी टीव्हीवर पाहिली. पीपीई किट घालून दिवसरात्र बेडपॅन देणं कुणी पाहिलं नाही. काकी पहिले दोन दिवस उठू शकत नव्हत्या. शौचात विषाणूचा आरएनए सापडतो आणि नाका-घशातून तो गेल्यावरही शौचात काही आठवडे सापडत राहू शकतो, हे तोवर कळलं होतं. त्यावरूनच तर सांडपाणी तपासून शहरातल्या कोविडच्या साथीचा अंदाज घेतला जाऊ लागला; अहमदाबादच्या सांडपाण्यात आरएनए सापडल्याचं गांधीनगरच्या आयआयटीनं २०२० मध्येच दाखवलं होतं. शौचातून लागण होण्याचा धोका श्वासाच्या मानानं फार कमी, साथ पसरते ती हवेतूनच. तरी मावशी प्रत्येक वेळी बेडपॅनमध्ये हायपो, म्हणजे जंतुनाशक द्रावण, ओतून ठरलेला वेळ थांबायच्या, मगच रिकामं करायच्या. घाई कधी केली नाही. काकींना पहिल्या दिवशी त्यांची फार लाज वाटत होती. मावशी म्हणाल्या, “आक्का, तुमी बरं झाल्यावर माझी ओटी भरा, मग फिटंल.” काकी त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

आठवड्याभरात ऑक्सिजन निघाला, जुलाब थांबले, भूक परतली. घरी सोडताना एसजीपीटी ६४ होता. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासून दाखवा, असं कागदावर लिहून दिलं.

ती तपासणी झाली नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस कोसळला. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी तिच्या कितीतरी वर चढलं, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहराचा आजूबाजूशी संबंध तुटला. काकींच्या गावात पाणी शिरलं नाही, पण रस्ते बंद, नळयोजना बंद, आडाचं पाणी प्यावं लागलं. पूर ओसरल्यावर चिखल, पंचनामे, कुजलेला ऊस. अशात बऱ्या झालेल्या बाईचं रक्त तपासायला कोण शहरात येणार?

ऑगस्ट संपता संपता एका सकाळी ओपीडीत काकी समोर येऊन बसल्या. जूनमध्ये जिवावर बेतलं होतं, तरी या सकाळीपुढं मला तो दिवस सौम्य वाटतो.

ट्यूबलाइटखाली त्या नुसत्या थकलेल्या दिसत होत्या. मी त्यांना उठवून खिडकीशी नेलं, तोंड उजेडाकडे केलं आणि खालची पापणी ओढली. डोळ्याचं पांढरं हळदीनं माखल्यागत झालेलं. तळहात पिवळे. दोन आठवडे जेवण नको, अंगाला खाज, लघवी गडद.

“कावीळ झालीया हे आमालाबी कळालंय मॅडम,” काका म्हणाले. “पुराचं पानी बाधलं. उतरवून घ्यायला जानारच हुतो, पोरगं म्हनालं आधी तुमाला दाखवूया.” एका गावात मुळी देऊन, हाताला चुना लावून पिवळं उतरवतात, तिथं दुपारी जायचं ठरलं होतं. जीप बाहेर उभीच होती.

कावीळ म्हटलं की आपल्या जिल्ह्याला पाणी आठवतं, आणि त्याला कारण आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली होती, हजारो लोक आजारी पडले, माणसं दगावली. ती साथ ज्यांनी पाहिली त्यांना पुरानंतर पिवळे डोळे दिसले की दुसरं काही सुचणं अवघड. हिपॅटायटिस ई ची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. जुलैचा पूर आणि ऑगस्टअखेरची कावीळ हे गणितही जुळत होतं. माझाही पहिला अंदाज तोच होता. पण मी काकांना दुपारचं जाणं थांबवायला लावलं. “रिपोर्ट येईपर्यंत दुसरं काहीही पोटात घालायचं नाही. मुळी नाही, रस नाही, काही नाही.” काका मानेनं हो म्हणाले आणि स्वतः बाहेर जाऊन जीपवाल्याला परत पाठवून आले.

बिलिरुबिन ११.८. एसजीपीटी १,१४०, एसजीओटी ९८०. जूनमधले आकडे यांच्यापुढं काहीच नव्हते. आयएनआर १.४, म्हणजे रक्त गोठायला लागणारे घटक बनवण्याचं यकृताचं कामही मंदावायला लागलं होतं. मी काकींना वार, महिना, नातवंडांची नावं विचारली. सगळं बिनचूक सांगितलं, हात पुढं धरले तर थरथर नव्हती. तोवर मेंदूवर परिणाम नव्हता, एवढा दिलासा. दाखल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट एकेक करून आले. हिपॅटायटिस ए नाही. ई नाही. बी नाही, सी नाही. सोनोग्राफीत पित्ताशयात खडा नाही, पित्तनलिका फुगलेल्या नाहीत. डेंगी नाही, लेप्टोस्पायरोसिस नाही.

मग कोविडच? आरटीपीसीआर निगेटिव्ह होता. कोविडनंतर पित्तनलिका आकसत जाण्याचा एक वाईट प्रकार वर्णिला गेला आहे, पण तो अतिदक्षता विभागात दीर्घकाळ व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांत. काकी तिथवर गेल्याच नव्हत्या आणि त्यांचे आकडे पित्तनलिकांपेक्षा यकृताच्या पेशींकडे बोट दाखवत होते. लस? कोविडमधून बरं झाल्यावर तीन महिने थांबायचा नियम होता, अजून घेतली नव्हती. उरलं औषध. मी कॉटशेजारी स्टूल ओढून बसले आणि जूनचाच प्रश्न पुन्हा विचारला, आता जास्त सावकाश. सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत तोंडात काय काय जातं, क्रमानं सांगा.

“थायराडची गोळी. मग चहा.” काकी बोटं मोजत होत्या. “न्हाई, चहाआधी काढा.”

“कसला काढा?”

“गुळवेलीचा की. तुमच्याकडनं घरला गेल्यापास्नं रोज घेतो. सक्काळी एक पेला, रातच्याला एक पेला. ताकद याय पायजे म्हनून.”

काढा घरोघरी होता. तुळस, सुंठ, मिरी, दालचिनीचा काढा आयुष मंत्रालयानं २०२० च्या एप्रिलमध्ये सुचवला होता, त्यात गुळवेल नव्हती. पण प्रतिकारशक्ती वाढवणारी म्हणून गुळवेलीचं नाव साथ आल्यापासून सगळीकडे घेतलं जात होतं, आणि आमच्याकडे ती विकत आणावी लागत नाही, बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली असते. औषधांबद्दल विचारलं तेव्हा काकींनी ती सांगितली नव्हती, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नव्हतं.

त्याच जुलैत मुंबईतल्या यकृततज्ज्ञांचा एक निबंध आला होता. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात त्यांच्याकडे आलेल्या सहा रुग्णांत यकृताला झालेली इजा गुळवेलीशी जोडलेली होती. बहुतेक स्त्रिया होत्या आणि काहींना आधीपासून थायरॉइड किंवा मधुमेहाचा आजार होता. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला: गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, वनस्पतीची ओळख पटवलेली नाही. आक्षेप रास्त होता, त्याची शहानिशा करणं भागच होतं. मुलगा त्याच संध्याकाळी बांधावरनं वेल तोडून वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. बोटाएवढं जाड खोड, वरची साल कागदी पापुद्र्यांनी सुटत होती, आत हिरवा थर, आडवं कापल्यावर मधून कडेला जाणाऱ्या रेघा. पानं हृदयाच्या आकाराची. दुसऱ्या वेलीच्या खोडावर ठळक गाठी-मोड असतात, इथं तसं नव्हतं. ओळखीच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना पानाखोडाचे फोटो पाठवले. तेही म्हणाले, ही नेहमीचीच गुळवेल.

तेव्हा काकांनी जो प्रश्न विचारला त्याहून नेमका प्रश्न मला कुठल्या वैद्यकीय परिषदेतही ऐकायला मिळालेला नाही. “आमी समदीच पितो ती. माझं डोळं पिवळं न्हाईत, पोराचं न्हाईत, सुनंचं न्हाईत. मग हिलाच कसं?”

मी त्यांना थायरॉइडपासून सांगितलं. शरीराची प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. काकींची थायरॉइड तशीच दहा वर्षांपूर्वी मंदावली होती. अशा माणसात प्रतिकारशक्ती आधीच बेशिस्त असते. तिला सतत चेतवत राहिलं तर ती दुसऱ्या अवयवावर जाऊ शकते. गुळवेलीत प्रतिकारशक्ती चेतवण्याचा गुण आहे, लोक तिला त्याचसाठी घेतात. ज्याच्या शरीरात ही बेशिस्त नाही त्याला काही न होता जाईल. जिच्यात आहे तिचं यकृत तापू शकतं. कोविडनं आधी जमीन भुसभुशीत केली होती का? असेल. कोविडनंतरही प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याचे रुग्ण नोंदले गेले आहेत. त्यामुळे काकींच्या बाबतीत सगळा भार वेलीवर टाकताना मी आजही हात राखून बोलते. पण थांबवण्यासारखी गोष्ट एकच होती, आणि ती थांबवली.

पुढचा भाग पोटविकारतज्ज्ञ सहकाऱ्यानं हाती घेतला. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटल्याची खूण दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्यांत एएनए पॉझिटिव्ह, आयजीजी वाढलेलं. यकृताचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याची नेहमीची खूण होती, सोबत औषधाच्या इजेत दिसणाऱ्या पेशीही. नुसता काढा बंद करून चार-पाच दिवस पाहिलं. आकडे उतरायला तयार नव्हते, आयएनआर १.५ वर गेला. तेव्हा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलं. हिपॅटायटिस बी नसल्याची खात्री आधीच झाली होती हे बरं, कारण तो लपलेला असेल तर स्टेरॉइडनं उसळतो. त्या आठवड्यात मी रोज सकाळी राउंडच्या आधी लॅबमध्ये फोन करायचे. पहिला उतरला तो आयएनआर. मग एसजीपीटी ७००, ४१०, २२०. डोळ्यांचा पिवळेपणा सगळ्यात शेवटी गेला, तो तसाच रेंगाळतो.

घरी जाताना काकांनी स्वतःहून सांगितलं, “आमचं बी रगत तपासा.” काका, मुलगा, सून, तिघांचे आकडे सरळ आले. काकांना ते पटलं आणि त्यांनी काढा तरीही सोडला. मी गुळवेलीला विष म्हटलं नाही, कुणी तसं म्हटलं तर मी आजही अडवते. मात्र थायरॉइड, संधिवात, सोरायसिस, टाइप-१ मधुमेह, आधीचा यकृताचा आजार यांपैकी काही असेल तर ती स्वतःच्या मनानं महिनोन्महिने घेऊ नका, हे माझ्या ओपीडीत प्रत्येकाला सांगते. कोविडनंतर अन्न नकोसं वाटणं, पोट फुगणं, अधूनमधून जुलाब होणं कित्येकांना काही महिने राहिलं. त्यावर उपाय म्हणून जो तो काहीबाही पीत होता. त्यामुळे अशा रुग्णांना ‘औषध काय घेता’ असं मी विचारत नाही. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत सांगायला लावते.

काकींचं स्टेरॉइड हळूहळू कमी करत सहकाऱ्यानं वर्षभरात बंद केलं, आकडे पुन्हा चढले नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा गोळ्या अजून चालू होत्या. घरात सगळ्यांना सर्दी-ताप झाला. मुलानं गावातनं फोन लावला. दुकानातून मिळालेल्या पुडीतली एकेक गोळी उजेडात धरून तिचं बारीक अक्षरातलं नाव तो मला वाचून दाखवत होता आणि मागून काकी ओरडत होत्या, “त्यो सर्दीचा काळा पाला बी सांग की, शेजारनीनं दिलेला.” पाला आणि दोन गोळ्या बाजूला काढायला लावल्या. तापाची एकच ठेवली, सहा तासांच्या अंतरानं, दिवसातून जास्तीत जास्त तीन, आणि पंधरा दिवसांनी एसजीपीटी. या वेळी तो वेळेवर झाला, ३८ आला.